गोव्यातला आपला वाडा किती सुरक्षित? गुन्ह्यांच्या आकड्यांपासून मागच्या दाराच्या कडीपर्यंत

पर्वरीत फ्लॅट घ्यावा का, ताळगाव बरे की कुर्टी, फातोर्ड्याला आईवडील एकटे राहिले तर चालेल का, हे प्रश्न गोव्यात घर शोधणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. 2025 मध्ये दोनापावल, म्हापशाची गणेशपुरी आणि वास्कोतले बायणा या तिन्ही ठिकाणी राहत्या घरात घुसून, घरच्यांना धाक दाखवून लूट झाली. तेव्हापासून तर रात्री मागच्या दारी पातेले वाजले तरी माणसे उठून बसतात. ही भीती खोटी नाही. पण भीतीच्या भरात आपण पुढच्या दाराला तीन कुलपे लावतो आणि स्वयंपाकघराचे दार जुन्या कडीवर सोडून देतो.

राज्याचा गुन्हेदर तुमच्या वाड्याबद्दल, म्हणजे तुमच्या वस्तीबद्दल, फारसे काही सांगत नाही. आपल्या हद्दीत कुठला गुन्हा होतो, कोणत्या वेळी होतो आणि कोणत्या तऱ्हेच्या घरात होतो, एवढे कळले की पुढे काय करायचे ते बरेचसे ठरून जाते. ही माहिती मिळवायची कशी आणि मिळाल्यावर तिचे करायचे काय, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पायरी 1: आकडा समजून घ्या, मगच घाबरा

देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, दरवर्षी प्रसिद्ध करतो. त्यातला गुन्हेदर म्हणजे दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे. नोंदलेले, घडलेले नव्हे. जिथे पोलीस तक्रार चटकन लिहून घेतात तिथला आकडा फुगतो आणि जिथे लोकांना वाटेवरूनच परत पाठवतात तिथला आकडा दिसायला छान दिसतो.

गोव्याच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती आणि दर काढताना तिच्याच आधारे अंदाजलेली लोकसंख्या धरतात. वर्षभरात येणारे पर्यटक मात्र कोटीच्या घरात आहेत. कळंगुटच्या किनाऱ्यावर एखाद्या पाहुण्याची बॅग पळवली, तर गुन्हा गोव्याच्या खात्यात जमा होतो, पण तो पाहुणा लोकसंख्येत मोजलेला नसतो. म्हणून गोव्याचा दर दुसऱ्या राज्याशी ताडून पाहताना जरा थांबावे. किनारपट्टीचा आकडा पाहून सांगे किंवा फोंड्याच्या वाड्यांबद्दल मत बनवणे तर साफ चूक.

तिसरी गोष्ट गुन्ह्यांच्या प्रकारांची. एकूण आकड्यात खून, चोरी, घरफोडी यांच्याबरोबर विशेष कायद्यांखालचे गुन्हेही येतात, म्हणजे मटका, अमली पदार्थ, बेकायदा दारू वगैरे. पोलिसांनी महिनाभर मटक्याविरुद्ध मोहीम उघडली की हे गुन्हे एकदम वाढतात. तेवढ्याने तुमची गल्ली जास्त धोकादायक होत नाही. उलट पोलीस कामाला लागले आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो. शिवाय एकाच एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर एनसीआरबी त्यातला सर्वांत गंभीर तेवढाच मोजते. घरफोडी करताना खून झाला तर तो खुनात जातो, घरफोडीत दिसत नाही.

जुन्या आणि नव्या वर्षांची तुलना करतानाही जपून. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. कलमे बदलली आणि साखळी किंवा मोबाइल हिसकावणे हा 304 कलमाखाली स्वतंत्र गुन्हा झाला, जो आधी चोरीत किंवा जबरी चोरीत मिसळून जात असे. त्यात हे अहवाल येतातही उशिरा. 2023 चा अहवाल सप्टेंबर 2025 मध्ये हाती आला. आज घर घ्यायचे ठरवणाऱ्याला दोन वर्षांपूर्वीच्या आकड्याचा कितीसा उपयोग?

आणि लहान वस्तीला दर लावूच नका. पाच हजार वस्तीच्या प्रभागात वर्षाला एक घरफोडी झाली तर दर होतो लाखामागे 20, पुढच्या वर्षी तीन झाल्या तर 60. वर्तमानपत्रात “घरफोड्या तिप्पट” असा मथळा बसेल, पण वाढल्या त्या दोनच. वाड्याच्या पातळीवर थेट संख्या मोजा आणि प्रत्येक घटनेची हकिकत जाणून घ्या.

पायरी 2: आपल्या ठाण्याची माहिती काढा

आधी आपले घर कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते ते नक्की करा. पंचायतीची हद्द वेगळी, ठाण्याची वेगळी. नुसते पर्वरी म्हटले तरी त्यात पेन्ह द फ्रान्स, सुकूर, साल्वादोर द मुंद अशा वेगवेगळ्या पंचायती येतात. मडगावच्या आसपास तर मडगाव, फातोर्डा आणि मायणा-कुडतरी ही ठाणी इतकी लागून आहेत की रस्त्याच्या एका बाजूचे घर एकाकडे आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्याकडे असे होऊ शकते.

मग तीन वाटा आहेत.

पहिली, एफआयआर वाचणे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांनी आपल्या संकेतस्थळावर टाकायचे असतात. सहा महिन्यांचे एफआयआर चाळायला एक रविवार पुरतो. वहीत चारच रकाने आखा: तारीख, वेळ, जागा, आत शिरण्याची तऱ्हा. नावे लिहू नका, ती आपल्याला नको आहेत. दहा-बारा नोंदी झाल्या की चित्र उमटू लागते. चोऱ्या बंद घरांत होतात की राहत्या? दुपारी होतात की पहाटे? गज कापून, कौले काढून की उघड्या दारातून?

दुसरी वाट माहिती अधिकाराची. 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. अर्ज जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा. “आमच्या भागातील गुन्ह्यांची माहिती द्यावी” असे मोघम लिहिलेत तर उत्तरही मोघमच येईल. असे लिहा: “अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीत मागील तीन वर्षांत नोंद झालेल्या घरफोडी, घरातील चोरी, हिसकावणे, जबरी चोरी, दरोडा व वाहनचोरी या गुन्ह्यांची महिनावार व गाववार संख्या, त्यांपैकी दिवसा घडलेले किती, रात्री घडलेले किती, शोध लागलेले किती, तसेच याच काळात चोरीसंबंधी नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारींची संख्या.”

हा शेवटचा तुकडा गाळू नका. नव्या कायद्यात 5,000 रुपयांहून कमी किमतीच्या साध्या चोरीचा गुन्हा अदखलपात्र झाला आहे. अंगणातली तांब्याची घागर, गेटाबाहेरची जुनी सायकल, रस्त्याकडेला ठेवलेली हत्यारे अशा चोऱ्यांचा एफआयआर होत नाही. त्या वेगळ्या नोंदवहीत जातात आणि गुन्हेदरात दिसतच नाहीत. वस्तीत कोणीतरी पाहणी करून जातो आहे याची पहिली खूण बहुतेकदा याच चोऱ्यांत असते. घराच्या आतून वस्तू गेली तर मात्र ती 305 कलमाखालची, राहत्या घरातली चोरी ठरते आणि किंमत कितीही कमी असली तरी ती दखलपात्र असते. ठाण्यावर कोणी किमतीचे कारण सांगून एफआयआर टाळू लागले तर हा फरक शांतपणे पुढे ठेवा.

तिसरी वाट विधानसभेची, आणि ही फार कमी लोक वापरतात. ठाणेवार गुन्ह्यांचे तक्ते आमदारांच्या लेखी प्रश्नांना उत्तर म्हणून सभागृहात येत असतात. जुनी उत्तरे शोधा, नाहीतर अधिवेशनाच्या आधी आपल्या आमदाराला नेमका प्रश्न लिहून द्या. गोव्यात आमदार भेटणे अवघड नसते. तयार प्रश्न घेऊन जाणारा मतदारच क्वचित भेटतो.

पायरी 3: वस्ती पायी फिरून बघा

कागद बाजूला ठेवून आता चालायला निघा. एकदा दुपारी दोन ते चार, एकदा रात्री साडेदहानंतर. दुपारची फेरी टाळू नका. गोव्यात जेवणानंतर दुकाने बंद असतात, कर्ती माणसे कामावर, म्हातारी माणसे आडवी झालेली. भर दिवसा रस्ता इतका सुना पडणारी वेळ दुसरी नाही.

चालताना हे बघा. किती घरे बंद आहेत? 2011 च्या जनगणनेत गोव्यातले साधारण पाचातले एक घर रिकामे होते. मालक मुंबईला, आखातात किंवा पोर्तुगालला. एका ओळीत तीन घरे बंद असली तर मधल्या राहत्या घराला शेजारच नाही. कुंपणावर रान किती माजले आहे? पावसाळ्यात कमरेएवढे गवत वाढते आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली तरी कोणी कापत नाही. रस्त्याचे दिवे माडाच्या झावळ्यांत किंवा आंब्याच्या फांदीत गुरफटलेत का? मुख्य रस्त्यावरून गल्लीत शिरलेला माणूस मागच्या वाटेने, शेतातून किंवा भाटातून (माडांच्या बागेतून) बाहेर पडू शकतो का? महामार्ग किती जवळ आहे? राष्ट्रीय महामार्ग 66 वरून पत्रादेवी किंवा पोळेची सीमा गाठायला रात्री फार वेळ लागत नाही. त्यामुळे महामार्गालगतच्या वसाहतींत येण्याजाण्याच्या तोंडावरचा कॅमेरा घरासमोरच्या कॅमेऱ्याहून जास्त कामाचा.

घर अजून घ्यायचे असेल तर बिल्डरला किंवा एजंटला विचारण्यापेक्षा पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचारा. रोज पहाटे आणि संध्याकाळी सायकलवरून वाड्यात फिरणाऱ्या त्या माणसाला कोणते घर कधीपासून बंद आहे, कुठे कुत्रे आहे, कोणत्या गल्लीत अनोळखी गाडी उभी राहते, सगळे ठाऊक असते. कोपऱ्यावरचा गाडेवाला आणि मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून भाड्याने सोडणारा) यांचेही तेच.

पायरी 4: घर चोराच्या बाजूने बघा

गेटाबाहेर उभे राहा आणि किल्ली हरवली आहे असे समजून आत कसे शिरता येईल ते शोधा. बहुतेक घरांत उत्तर मागच्या बाजूला सापडते.

जुनी कौलारू घरे. पुढे सोपो, जाड लाकडी दार, आडवा अडसर, सगळे भक्कम. मागे मात्र न्हाणीघराचे किंवा स्वयंपाकघराचे दार, ज्याची चौकट दर पावसाळ्यात ओल पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चार-पाच पावसाळे गेले की कोयंड्याचे स्क्रू लाकडात नुसते अडकलेले असतात. स्क्रूड्रायव्हर घेऊन ते एकदा फिरवून पाहा. हाताने फिरले तर ते दार बंद नाहीच. लांब स्क्रू, आतून आडवी लोखंडी पट्टी आणि चौकटीला वाळवी असेल तर नवी चौकट. खर्च थोडा, पण इथे करायलाच हवा. मंगलोरी कौले वरून सरकवता येतात, म्हणून दागिने आणि कागदपत्रे असलेल्या खोलीला कौलाखाली पक्के लाकडी छत किंवा लोखंडी जाळी असावी. नारळ-आंबे काढायची शिडी कुठे ठेवता? ती मागच्या भिंतीला टेकून असेल तर घरावर चढायची सोय तुम्हीच करून ठेवली आहे. शिडी, कोयता, पहार या वस्तू कुलपात.

फ्लॅटवाल्यांना वाटते आपण सुरक्षित, पण पहिला मजला आणि सर्वांत वरचा मजला दोन्ही कच्चे. पहिल्या मजल्यावर पार्किंगच्या छपरावरून किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटवर पाय देऊन बाल्कनी गाठता येते, आणि वरच्या मजल्यावर गच्चीतून. गच्चीच्या दाराला कुलूप असते, पण त्याची किल्ली सोलर दुरुस्तीवाला, डिश अँटेनावाला, पाण्याची टाकी धुणारा अशी सगळीकडे फिरून आलेली असते. ते कुलूप वर्षातून एकदा बदला. मागच्या बाजूला सांडपाण्याचे पाइप उतरतात तिथल्या बाथरूमच्या काचेच्या पट्ट्या बाहेरून एकेक काढता येतात. त्यांना आतून जाळी बसवा.

खिडक्यांच्या गजांबद्दल थोडे. बारीक पोकळ गज कटरला फार वेळ दाद देत नाहीत. भरीव गज, तेही आडवे-उभे जोडलेले आणि भिंतीत खोल गाडलेले असावेत. पण एका खोलीच्या गजांना आतून उघडणारी चौकट ठेवा आणि तिची किल्ली घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, नाहीतर आग लागली तर तेच गज जिवावर उठतील.

पावसाळ्याला वेगळे वागवा. कौलांवर, पत्र्यांवर कोसळणाऱ्या पावसात कुलूप तोडल्याचा आवाज शेजारच्या खोलीतही येत नाही, आणि वीज तर जाणारच. म्हणून मे महिन्यात पन्हळी साफ करताना मागच्या दाराची दुरुस्तीही उरकून घ्या. कॅमेऱ्यांना आणि अंगणातल्या एका दिव्याला इन्व्हर्टरची जोडणी द्या.

कॅमेरे लावायचेच तर दोन नीट लावा, आठ कसेबसे नकोत. एक गेटावर, माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीच्या थोडा वर, कारण छपराखालच्या कॅमेऱ्यात टोपीच तेवढी दिसते. दुसरा मागच्या दारावर. रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीशेजारी ठेवू नका. घरात शिरलेले लोक जाताना तोच उचलून नेतात. कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर आहे ना ते महिन्यातून एकदा बघा. वेळ चुकलेली असेल तर तपासात निष्कारण घोळ होतो. आणि कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या अंगणात किंवा न्हाणीघराकडे वळलेले नसावे. तसे असेल तर ज्या शेजाऱ्याने वेळेला धावून यायचे त्याच्याशीच भांडण होते.

पायरी 5: चवथीला घर बंद करताना

गोव्याचा हा खास प्रश्न. चवथ आली की पर्वरी, ताळगाव, फातोर्ड्याचे पुष्कळ फ्लॅट बंद होतात आणि माणसे पेडणे, सत्तरी, काणकोणच्या मूळ घरी जातात. आपल्याला जसे पंचांग ठाऊक तसे चोरालाही.

निघण्याआधी: पोदेराला, पेपरवाल्याला, दूधवाल्याला बंद सांगा. गेटाला लटकवलेली पावाची पिशवी दोन दिवस तशीच राहिली की घरात कोणी नाही हे रस्त्यावरून दिसते. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. चवथीला अंगावर घालायचे ते सोबत घेऊन जा, पण परतल्यावर ते पुन्हा लॉकरमध्ये गेले पाहिजेत. “बघू पुढच्या आठवड्यात” म्हणत ते दिवाळीपर्यंत कपाटात राहतात. पुढच्या गेटाला बाहेरून भलेमोठे कुलूप लटकवू नका, आतल्या बाजूने लावता येत असेल तर लावा. एक दिवा टायमरवर ठेवा. चोवीस तास जळणारा दिवा दिवसाही जळतो आणि घर रिकामे असल्याची जाहिरात करतो. पोलीस ठाण्यात बंद घराची माहिती द्या: पत्ता, कधी ते कधी, किल्ली कोणाकडे, तुमचा नंबर. मुलांना सांगा, गणपतीचे फोटो मूळ घरून परत आल्यावर टाका.

किल्ली सोसायटीत थांबणाऱ्या एका घराकडे असावी. चवथीला मूळ घरी न जाणारी कुटुंबे प्रत्येक इमारतीत असतात, त्यांतली बरीच ख्रिस्ती. नाताळात पारडे फिरते, तेव्हा किल्ली तुमच्याकडे येते. गोव्यातल्या जुन्या वाड्यांत हे न बोलता चालत आले आहे. नव्या सोसायट्यांत कोणी तरी पुढे होऊन ते ठरवावे लागते.

पायरी 6: भाडेकरू, पाहुणे, कामगार

घर भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि त्यासाठी गोव्यात आता स्वतंत्र कायदाही आहे. फोटो, ओळखपत्र, मूळ पत्ता, कामाचे ठिकाण, बरोबर राहणाऱ्यांची नावे आणि पोच घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. परदेशी पाहुणा राहिला तर त्याची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा सी फॉर्म) 24 तासांत भरायचा असतो. पर्यटकांना दिवसावर फ्लॅट देत असाल तर पर्यटन खात्याकडे नोंदणी हवी. अशा फ्लॅटचे कुलूप अधूनमधून बदलले पाहिजे, कारण किल्लीची नक्कल करायला अर्धा तासही लागत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्याकडे चोरी झाली की पहिले बोट “भायल्यां”कडे, म्हणजे बाहेरून आलेल्यांकडे, जाते. कानडी बोलणारा गवंडी, ओडिशाचा सुतार, झारखंडची भांडी घासणारी बाई. त्यांच्या घामावर आपली घरे उभी राहतात आणि चोरीचा पहिला जाब त्यांनाच विचारला जातो. हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय सुरक्षिततेच्या दृष्टीनेही घातक आहे. नजर भाषेवर खिळली की नीटनेटक्या कपड्यांत, रेंटच्या गाडीतून फिरत पाहणी करणारा माणूस नजरेतून सुटतो. पडताळणी सगळ्यांची करा, गोंयकार भाडेकरूचीसुद्धा, आणि ती करून झाली की त्या माणसाला नावाने ओळखा. बांधकामावरच्या रखवालदाराला तुमचे नाव आणि नंबर माहीत असेल तर रात्री दोन वाजता काही दिसले तर फोन करणारा तोच असेल.

पायरी 7: वाडा म्हणून एकत्र

दिवे आधी. बंद दिव्यासाठी वीज खात्याच्या 1912 वर खांबाच्या क्रमांकासह तक्रार करा. क्रमांकाविना केलेली तक्रार फिरत राहते. ज्या वळणावर खांबच नाही ते ग्रामसभेत मांडा. सर्वसाधारण ग्रामसभा वर्षातून चार वेळा रविवारी होतात. तोंडी बोलून येऊ नका. सह्यांचे लेखी निवेदन देऊन इतिवृत्तात नोंद करून घ्या. रस्त्याकडेची झाडी, उघडी पडीक घरे, रस्त्याच्या तोंडावरचा कॅमेरा, हे सगळे विषय तिथलेच. पालिका हद्दीत राहणाऱ्यांनी हेच प्रभागाच्या नगरसेवकामार्फत करावे.

बीट पोलीस कोण ते विचारून घ्या आणि त्यांना वाड्यावर एकदा चहाला बोलवा. रात्री रॉबर्ट, म्हणजे पोलिसांची गस्तीची गाडी, कोणत्या वाटेने फिरते आणि आपल्या गल्लीत का येत नाही हे समोरासमोर विचारता येते. पुष्कळदा उत्तर साधे असते: गल्लीच्या तोंडाशी गाड्या अशा लावलेल्या असतात की जीप वळतच नाही.

सोसायटीला रखवालदार ठेवायचा तर परवाना असलेल्या एजन्सीकडूनच. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली तो बंधनकारक आहे. आणि त्याला पंप चालू करणे, कचरा गोळा करणे, पार्सले पोचवणे अशी सतरा कामे लावू नका. बारा तासांच्या पाळीत ही सगळी कामे करणारा माणूस पहाटे तीनला डोळा लागला म्हणून दोषी ठरत नाही.

व्हॉट्सॲप गट हवाच, पण नियम बांधून. संशय आला तर आधी 112 या आपत्कालीन क्रमांकावर, मग गटावर. फोटो टाकून कोणाला “चोर” म्हणायचे नाही. जुने, दुसऱ्या राज्यातले व्हिडिओ पुढे ढकलायचे नाहीत. असे व्हिडिओ पसरून निरपराध माणसांना मारहाण झाल्याची उदाहरणे देशाने पाहिली आहेत.

पायरी 8: घडलेच तर

112 वर बोलताना पत्ता सांगता यायला हवा, आणि गोव्यात हे सोपे नाही. घर क्रमांक ओळीने नसतात, वाड्याला फलक नसतो. म्हणून आत्ताच एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा: पंचायत, वाडा, जवळचा खुरीस (क्रूस) किंवा देऊळ, तिथून वळण डावे की उजवे, गेटाचा रंग, विजेच्या खांबाचा क्रमांक. घाबरलेल्या माणसाला तो नुसता वाचता आला पाहिजे.

घरात माणसे घुसली असतील तर झुंजू नका. सोने परत घेता येते. आतल्या खोलीला आतून भक्कम कडी, तिथे एक चार्ज असलेला फोन आणि जवळच्या दोन शेजाऱ्यांचे नंबर, एवढी तयारी विशेषतः एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या घरात असावी.

परत आल्यावर दार फोडलेले दिसले तर आत पाऊल टाकू नका. चोर आत असू शकतो, आणि आपण कपाटे उघडून पाहिली की ठसे गेले. बाहेरूनच फोन करा, पंचनामा होईपर्यंत झाडलोट नको. कॅमेऱ्याचे चित्रण लगेच वेगळे जतन करा, कारण पुष्कळ यंत्रांत काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते. दागिन्यांचे फोटो, बिले, फोनचा आयएमईआय क्रमांक हे आधीच एका फाइलमध्ये असेल तर वस्तू सापडल्यावर ओळख पटवणे सोपे जाते. फोन गेला असेल तर संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर पोलीस ठाणे गाठायच्या आधी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 हा क्रमांक लावा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येते, नंतर ती खात्याखात्यांतून पांगते. “डिजिटल अरेस्ट” नावाची कोणतीही कारवाई कायद्यात नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आजच सांगून ठेवा. कुलपे कितीही भक्कम असली तरी ही चोरी फोनवरून होते.

एफआयआरबद्दल तुमचे हक्क नीट लक्षात ठेवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमानुसार गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची नोंद करून घ्यावी लागते. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करायला जावे लागते. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. ठाण्याने नकार दिला तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. तपास कुठवर आला हे तक्रारदाराला 90 दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. एफआयआर क्रमांक, तपास अधिकाऱ्याचे नाव आणि ती 90 दिवसांनंतरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि तोवर काही कळले नाही तर त्याच आठवड्यात लेखी विचारणा करून पोच घ्या.